आवंढा गिळायचा नाही

हे वाक्य सर पाच-सहा भाषांत बोलत. अरबीत, हिंदीत, मल्याळममध्ये, बंगालीत, आणि एका फिलिपिनो नर्सकडून घोकून घेतलेल्या तिच्या भाषेत. उच्चार मात्र सगळे नागपुरी. 'ला तिब्ला' असं ते मायक्रोफोनवरून एखाद्या ओमानी आजोबांना सांगत, तेव्हा आजोबांना आत हसू फुटे. हसले की मान हले, आणि मान हलली की सर टेबलावर हात आपटून ओरडत, "हालले तुम्ही!" हे वाक्य त्यांनी कुठल्याच भाषेत करून घेतलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. आवाजावरूनच समोरच्याला कळे की आपल्या हातून काहीतरी भयंकर झालं आहे.

मराठी वाक्यही तयार होतं, पण ते पडूनच होतं. आमच्याकडे मराठी माणूस सहसा येत नसे. माझ्या माहितीत सरांनी ते एकदाच वापरलं, आणि तेही माझ्या अब्बांवर.

ओमानमध्ये, अल खौदच्या बाजूला आमचं छोटंसं एमआरआय केंद्र आहे. मी तिथे टेक्निशियन, म्हणजे माणसाला टेबलावर झोपवणारा, त्याच्या कानात बोळे घालणारा आणि 'काही होत नाही हो' म्हणणारा. सर तिथे भौतिकशास्त्रज्ञ होते. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली येणारा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. हातापायांना जाणारे सगळे निरोप त्यातूनच जातात. त्या करंगळीच्या आत कुठली वाट कुठून जाते, याचा नकाशा जिवंत माणसाला न कापता काढायचा, हे सरांचं काम. काम म्हणजे वेडच. मानेतला भाग सगळ्यात अवघड, कारण माणूस श्वास घेतो, त्याचं हृदय धडधडतं, आणि मुख्य म्हणजे तो गिळतो. एकदा गिळलं की सगळा नकाशा फिसकटतो. "हृदय बंद कर म्हणता येत नाही," सर म्हणत, "पण तोंड तर माणसाच्या हाती आहे ना बाप्पा!"

आमची आणि सरांची ओळख मात्र या सगळ्याच्या आधीची, आणि ती झाली पँटीवरून. अब्बांचं तिथेच हमरिया भागात टेलरिंगचं दुकान. एका संध्याकाळी एक उंच, सडपातळ माणूस चांगलं सूटिंगचं कापड घेऊन आला आणि म्हणाला, "फॉर्मल पँट शिवायची आहे. चेन नको, हूक नको, बक्कल नको. नाडी टाका."

"लेंगा पायजे का साहेब?" अब्बांनी विचारलं.

"लेंगा नाही जी. पँट. मीटिंगमध्ये घालायची आहे."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा एका खाजगी दवाखान्यात एमआरआयवरच होतो, त्यामुळे मला उलगडा झाला. चुंबकाच्या खोलीत लोखंड न्यायचं नसतं. बाकी सगळे दारापाशी पट्टा-घड्याळ काढून ठेवतात. सरांचं म्हणणं असं की काढायचं म्हटलं की एखाद्या दिवशी विसरणार, त्यापेक्षा सकाळी उठल्यापासून अंगावर लोखंड नकोच. घड्याळ नाही, अंगठी नाही, चष्म्याची काडी प्लास्टिकची, पायात रबरी सपाता. पँटीची चेन पितळेची असते, असं मी धीर करून सांगितलं.

"दुकानदार म्हणतो पितळेची," सर म्हणाले. "चुंबकाला विचारलं का?"

पँट मस्त झाली. पुढच्या चार-पाच पँटी अब्बांनीच शिवल्या, आणि त्या येण्याजाण्यात सरांनी मला आपल्या केंद्रात ओढलं. अब्बा मात्र त्यांना माझ्यापाशी कायम 'नाडीवाले सर' म्हणत.

सरांबरोबर काम करणं सोपं नव्हतं. संगणकावर तो नकाशा रंगीत रेषांत उमटतो. डावी-उजवीकडे जाणारी वाट तांबडी, पुढे-मागे जाणारी हिरवी आणि वर-खाली जाणारी निळी, असा जगभरातला संकेत आहे. मज्जारज्जू वरून खालीच येतो, तेव्हा तो सगळा निळा दिसतो. सरांना याचा केवढा आनंद! नागपुरातल्या त्यांच्या वस्तीत घराघरावर निळा झेंडा. "आम्ही नाही ठरवलं बे," ते मला डोळा मारून सांगत. "साऱ्या दुनियेनं ठरवलं. सुलतान असो की झाडूवाला, ताठ उभा राहतो तो निळ्यावर." आमच्या ओमानी सहकाऱ्यांनाही त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की नवीन चित्र आलं की तेच आधी म्हणत, "दॉक्तर, युवर फ्लॅग."

पण त्याच निळ्या रेषांना कोणी 'नर्व्ह' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एकदा बाहेरची मोठी पाहुणेमंडळी आली होती. पडद्यावर निळा झुबका गरगर फिरत होता आणि आमच्यातलाच एक जण कौतुकानं म्हणाला, "हे पाहा, जिवंत माणसाच्या नर्व्ह्ज." सर मागून म्हणाले, "नाही." सगळे वळले. "नर्व्ह नाही त्या. आम्हाला फक्त पाणी दिसतं." मग त्यांनी समोरच्या पाहुण्याच्या कपातल्या करक, म्हणजे इकडच्या दाट उकळलेल्या, चहाचा थेंब बोटावर घेतला आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर टेकवला. डाग धाग्याच्या दिशेनं लांबट पसरला. "चहा धाग्याच्या बाजूनं पळतो, आडवा नाही पळत. शरीरातलं पाणीही तसंच. पाणी कुठे पळालं ते आम्ही मोजतो आणि म्हणतो, इथून धागा जात असावा. असावा! रेषा संगणक काढतो. त्या कोणाच्या अंगात नाहीत." पाहुण्याने उरलेला चहा काही घेतला नाही. जेवणाच्या वेळी आमचे प्रमुख सरांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि सरांना ते कळलंही नाही. ते नागपूरला बायकोशी फोनवर बोलत होते.

मला तेव्हा वाटलं होतं, एवढं काय अडलं होतं? 'नर्व्ह' म्हणू द्यायचं. पाहुणे खूश, प्रमुख खूश. माणसानं खरं बोलावं हे कबूल, पण कपात बोट घालून? हे सगळं पुढे माझ्या घरातच येऊन उभं राहणार होतं, ते मला कुठे ठाऊक!

सरांची शेवटची पँट वाकडी शिवली गेली. एका पायाची शिवण चक्क नागमोडी होती. सर पँट घेऊन दुकानात आले. मी सुट्टीचा म्हणून तिथेच बसलो होतो. आता अब्बांची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. सरांनी पँट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, मूठ मिटा. उघडा. भरभर करा." अब्बांची मूठ मिटली, पण उघडताना बोटं मागे राहिली. करंगळी तर बाजूलाच फाकून राहिली. मग सरांनी त्यांना दुकानातल्या दुकानात चालायला लावलं. मी रोज अब्बांबरोबर राहणारा, रोज माणसांच्या माना तपासणारा, आणि त्यांचे पाय ताठ पडताहेत हे मला त्या दिवशी दिसलं. ते खडू हातातून पडतो म्हणत, तेव्हा मी म्हटलं होतं, वय झालं.

"मी डॉक्टर नाही भाऊ," सर म्हणाले. "पण डॉक्टरकडे जा. उद्याच जा."

मानेतल्या मणक्यांनी मज्जारज्जू दाबला होता. सर्जन स्वच्छ म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर हात आणखी जाईल, मग पाय जातील. अब्बा नाही म्हणाले.

"मानेत सुरी नको. आता निदान अर्धा हात तरी हाय. ता पण गेला तर?"

मी समजावलं, सर्जननी समजावलं, आमच्या इमारतीतल्या दोन-तीन शेजाऱ्यांनी समजावलं. अब्बांचं एकच. हाताची तार आतून तुटली असेल तर मान फाडून काय उपयोग? आणि तार शाबूत असेल तर दाखवा. "तुमच्याकडे ता निळं चित्र हाय ना? त्यात दिसंल. माझी तार धड दिसली तर मी उद्या टेबलावर झोपतो."

सर तेव्हा अशाच दबलेल्या मानांचा अभ्यास करत होते. अब्बांनी रीतसर सही केली आणि एका सकाळी मीच त्यांना टेबलावर झोपवलं. मान जागेवर राहावी म्हणून दोन बाजूंना फोमचे तुकडे लावून वर टॉवेल गुंडाळायची आमची पद्धत. तो टॉवेल घसरायचा. "हा टॉवेल एक दिवस माझा जीव घेईल," हे सरांचं रोजचं. त्या दिवशीही तो त्यांनी दोनदा नीट केला. मग आम्ही काचेच्या अलीकडे आलो आणि सरांनी मायक्रोफोनचं बटण दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. इतकी वर्षं राखून ठेवलेलं वाक्य त्यांना आज वापरायला मिळणार होतं.

"भाऊ, ऐकू येते ना? आता ठकठक सुरू होईल. ठकठक चालू असेपर्यंत आवंढा गिळायचा नाही. आयुष्यभर गिळला असेल, आता थोडा वेळ नाही गिळायचा. बस."

सरांना म्हणायचं होतं ती तोंडातली लाळ. 'थुंकी' हा शब्द त्यांना माणसासमोर बरा वाटेना, म्हणून त्यांनी शोधून शोधून हा सभ्य शब्द काढला होता. शब्दकोशाच्या हिशेबात तो अगदी बरोबर. पण आपल्याकडे आवंढा लाळेचा कोण गिळतो?

अम्मी ईदच्या तोंडावर गावी, खेडजवळ, वारली. अब्बा इथे हमरियात लोकांचे ईदचे कपडे शिवत होते. दफन त्याच दिवशी, त्यांना पोचणं शक्य नव्हतं. मी मुंबईत शिकत होतो, मी पोचलो. मातीहून परत आल्यावर मी त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून गिळल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. आणि मग शिवणयंत्राचा आवाज. त्यानंतर अब्बा कधी त्यावर बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. आम्ही दोघं बापलेक एका खोलीत राहून भाजी काय आणायची एवढंच बोलणारे.

ठकठक सुरू झाली. थोड्या वेळानं पडद्यावर चित्र उमटू लागलं, आणि ते सगळं विस्कटलेलं होतं. मानेच्या जागी नुसते पट्टे. सरांचा हात टेबलावर आपटायला वर गेला, दुसऱ्या हातानं बटण दाबलं गेलं, तोंड उघडलं. पण त्यांनी हाक मारायच्या आधीच स्पीकरमधून आवाज आला. अब्बा रडत होते. हुंदके देऊन, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसे. त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं की गिळू नका, आणि माझे अब्बा सांगितलेलं ऐकणारे.

मी उठलो. सरांनी माझं मनगट धरलं.

"थांब. त्यांना वाटून राहिलं, आत कोणी पाहत नाही. तसंच वाटू दे."

त्यांनी यंत्र थांबवलं. आम्ही दोघं काचेकडे पाठ करून बसलो. बाहेर पुढचा रुग्ण येऊन बसला होता, त्याला सरांनी हातानंच थांबायची खूण केली. बऱ्याच वेळानं आतला आवाज कमी झाला, तेव्हा सर बटण दाबून म्हणाले, "हालले तुम्ही, भाऊ." त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या हळू निघालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "काही हरकत नाही. आपण परत करू."

दुसऱ्यांदा अब्बा दगडासारखे पडून राहिले. चित्र स्वच्छ आलं, आणि त्यातलं जे दिसलं ते मला नको होतं. निळ्या रेषा वरून छान खाली येत होत्या, मानेत दबलेल्या जागी बऱ्याचशा संपत होत्या, आणि त्याखाली पुन्हा सुरू होत होत्या. मधे फट.

संगणकात एक आकडा असतो. पाण्याचा ओढा त्या आकड्याहून कमी झाला की रेष थांबते. सर त्याला उंबरठा म्हणत. मी सरांना म्हटलं, "सर, उंबरठा जरासा उतरवा. रेषा जुळतील. अब्बांना तेवढंच दाखवू. ते ऑपरेशनला तयार होतील. खोटं कुठे, आकडा तर आपणच ठरवतो ना?"

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. "उंबरठा उतरवला की आत कोणीही येते बे," एवढंच म्हणाले आणि अब्बांना बोलवायला स्वतः उठून गेले. मला त्यांचा संताप आला होता, हे सांगायला हवं. पाहुण्यांसमोर तत्त्व ठीक आहे. पण इथे माझा बाप होता. त्याचे पाय जाणार होते. एका आकड्यानं तो वाचत असेल तर ह्या माणसाचं काय जात होतं?

सरांनी अब्बांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि फटीचं चित्र दाखवलं. अब्बांचा चेहरा उतरला. मग सरांनी आकडा बदलला. रेषा सरसर जुळल्या, वरपासून खालपर्यंत सलग निळ्या. अब्बा पुढे झुकले. सरांनी आकडा पुन्हा वर नेला. रेषा तुटल्या.

"दोन्ही तुमचेच, भाऊ. मी फक्त आकडा हालवला. तुमचा हात हालला का?"

"नाय."

"मग हात यात नाही. यात पाणी आहे आणि माझा आकडा आहे."

"पण खरी कुठली, सर? तार हाय का नाय?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

अब्बा वाट बघत राहिले, पुढे काही येईल म्हणून.

"खरंच माहीत नाही, भाऊ. अशा पुष्कळ माना पाहिल्या तर पुढे कधीतरी कोणाला सांगता येईल. तुम्हाला आज नाही सांगता येत. ऑपरेशनचं सर्जनला विचारा, त्यांना त्यातलं कळते. ते करा म्हणून राहिले, तर माझ्या चित्रासाठी थांबू नका."

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि मनातल्या मनात सरांना शिव्या घालत होतो. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. वाटेत एका सिग्नलला ते म्हणाले, "यल्ला, चल, तारीख घे ऑपरेशनची."

मी गाडी बाजूलाच घेतली. "कशी काय तारीख? त्यांनी तर काहीच सांगितलं नाही."

"तू सांगितलंस हात बरा होईल. शेजारी बोलले होईल. सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलत होते, ता मला दिसत होतं. म्हणून भ्यायलो मी. ह्यांनी समोर दोन चित्रं ठेवली आणि बोलले माहीत नाय. मी पण गिऱ्हाइकाला तेच बोलतो. कापड आटंल का, तर धुतल्याशिवाय माहीत नाय. असा माणूस बोलला सर्जनचं ऐका, तर ऐकायचं." आणि मग "इन्शाल्ला," म्हणाले.

गाडी पुन्हा रस्त्यावर घ्यायला मला वेळ लागला. डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं.

ऑपरेशन झालं. पाय सुधारले, अब्बा आता काठीशिवाय मशिदीत जाऊन येतात. हात अर्धवट सुधारला. शर्टाची बटणं लागतात, चहाचा कप धरता येतो. बारीक काम पूर्वीसारखं झालं नाही. दुकानातलं कटिंग आता दुसरा माणूस बघतो, अब्बा गल्ल्यावर बसतात आणि त्याच्या चुका काढतात. दोन चित्रांतलं कुठलं खरं होतं? मी सरांना विचारलं होतं. "दोन्ही थोडं थोडं असेल," ते म्हणाले, आणि लगेच, "हेही माहीत नाही बरं."

सरांचा करार संपला आणि ते नागपूरला जायला निघाले, तेव्हा केंद्रात समोसे आणि करक चहाचा छोटासा कार्यक्रम झाला. प्रमुख चांगलं बोलले. त्यांनी आपला कप मात्र सरांपासून जरा लांब ठेवला होता. अब्बा हमरियाहून टॅक्सी करून आले, हातात पिशवी घेऊन. आत काय आहे ते मलाही सांगितलं नव्हतं.

पिशवीतून त्यांनी एक उशी काढली. मानेला दोन्ही बाजूंनी धरणारी, मधे खोलगट, आत घट्ट फोम. निळ्या कापडाची. चेन नाही, हूक नाही, बांधायला नाडी. "टॉवेल नको आता," अब्बा म्हणाले. "घसरतो."

सरांनी उशी हातात घेतली, उलटीपालटी केली. तीन बाजू मशीनच्या होत्या, सरळ. फोम भरल्यावरची चौथी बाजू हातानं शिवावी लागते, ती अब्बांनी दुकानातल्या माणसाला दिली नव्हती. सरांनी चष्मा वर केला आणि त्या शिवणीवरून बोट फिरवू लागले, पडद्यावरच्या रेषेवरून फिरवत तसं. टाके सुरुवातीला सारखे होते. मग वाकडे झाले, मग एका जागी सुटलेच होते. सरांना खोटं बोलता येत नाही, आणि अब्बा हात मागे बांधून समोर उभे होते.

"भाऊ, इथे टाका सुटला आहे," सर म्हणाले.

"हां. सुटलाय."

सरांचं बोट पुढे सरकलं. "पण इथून परत लागला."

"लागला."

सरांना आणखी काही बोलायचं होतं. उशी छातीशी धरून ते नुसते उभे राहिले आणि त्यांच्या गळ्यातली गाठ एकदा वर जाऊन खाली आली. खोलीत कोणाचं लक्ष नव्हतं. अब्बांचं होतं.

"हाललात, सर," अब्बा म्हणाले.